आवाज कुठंय, मॅडम?

सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून 'चीऽऽ' असा कर्कश आवाज येतो. दोन-तीन मिनिटांनी थांबतो. गाडी गॅरेजमध्ये नेईपर्यंत तर त्याचा मागमूसही राहत नाही. मिस्त्री बॉनेट उघडतो, जरा कान देतो, आपल्याकडे बघतो आणि विचारतो, "आवाज कुठंय, मॅडम?" त्या एका प्रश्नात सगळं आलं. बाईला भास झाला असणार, घरातल्या कुणा पुरुषाला पाठवा म्हणजे नीट कळेल, असा त्याचा अर्थ. पुष्कळजणी मग गाडी तशीच परत आणतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच आवाज.

हा आवाज सकाळीच का येतो आणि गॅरेजमध्ये का येत नाही, याला सरळ कारण आहे. ते माहीत असेल तर त्या 'कुठंय'ला जागच्या जागी उत्तर देता येतं. म्हणून या लेखात थोडं आपल्याबद्दल आणि बरंचसं यंत्राबद्दल लिहिणार आहे. आपल्याबद्दल आपण नेहमीच बोलतो. यंत्राबद्दल बोलायची वेळ आली की मात्र आपल्यातल्या भल्या भल्या कार्यकर्त्याही 'ते मला काही कळत नाही बाई' म्हणून मोकळ्या होतात.

इंजिनाच्या पोटात एक जाड दांडा फिरत असतो, क्रँकशाफ्ट. चाकांना गती मिळते ती त्याच्याकडून. या दांड्याचं एक टोक इंजिनाच्या बाहेर येतं. त्यावर एक पुली बसवलेली असते. त्या पुलीवरून रबरी पट्टा जातो आणि आजूबाजूच्या दोन-चार पुल्यांना फिरवतो. एक पुली अल्टरनेटरची. तो वीज तयार करून बॅटरी भरतो. एक एसीच्या कॉम्प्रेसरची. इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळवणारा वॉटर पंपही बऱ्याच गाड्यांत याच पट्ट्यावर चालतो. ज्या गाड्यांचं स्टिअरिंग तेलाच्या दाबानं हलकं होतं, त्यांत त्याचाही पंप. (अलीकडच्या लहान गाड्यांत हे काम बहुधा विजेची मोटर करते, तिथं हा पंप नसतो.) अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या काळात हा पट्टा आखूड आणि निमुळत्या काठाचा असायचा. तो पंखाही फिरवायचा, म्हणून त्याचं नाव फॅनबेल्ट. मारुती ८०० मध्ये पंखा विजेवर गेला तरी गॅरेजमध्ये नाव फॅनबेल्टच राहिलं. आताच्या बहुतेक गाड्यांत एकच लांब चपटा पट्टा असतो. त्याच्या आतल्या बाजूला लांबीच्या दिशेनं बारीक खाचा असतात आणि तो सगळ्या पुल्यांमधून नागमोडी फिरतो. तो ताणलेला राहावा म्हणून स्प्रिंगवर दाबणारी एक पुली असते, तिला टेन्शनर म्हणतात. नुसती वाट वळवायला आणखी एखादी मोकळी पुली असते, ती आयडलर.

हे वाचताना ज्यांना पायाचं शिलाई मशीन आठवलं, त्यांना निम्मं प्रकरण समजलं. खालचं मोठं चाक, वरचं लहान चाक आणि दोन्हींना जोडणारा चामडी पट्टा. पट्टा सैल झाला की पाय चालतात पण सुई चालत नाही, खालचं चाक नुसतं फिरतं. मग आपण पट्ट्याचा तुकडा कापतो आणि तारेची पिन घालून पुन्हा जोडतो. फार आखूड कापला तर मशीन जड चालतं आणि संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात. गावातल्या गिरणीवरही तेच. गिरणीवाल्यानं दळण एकदम ओतलं की जातं जड होतं, पट्टा घसरतो आणि किंचाळतो. तो लगेच हात आखडता घेतो. पट्टा सैल असला किंवा त्याच्यावर एकदम बोजा पडला की तो घसरतो, आणि घसरला की ओरडतो. हे ज्ञान आपल्याकडे तीन पिढ्यांपासून आहे. ते बॉनेटखाली न्यायचंच काय ते राहिलंय.

आता सकाळचा आवाज. रात्रभर गाडी थंडीत, दवात उभी असते. किल्ली फिरवली की स्टार्टर बॅटरीतून बरीच वीज खेचतो. इंजिन सुरू होताच अल्टरनेटर ती तूट भरून काढायला लागतो, म्हणून त्याची पुली फिरवायला जड जाते. पट्टा त्या वेळी गार, कडक, कधी ओलसर. जुना किंवा सैल असेल तर तो अल्टरनेटरच्या लहानशा पुलीवर घसरतो, आणि हीच ती 'चीऽऽ'. थोड्या वेळानं बॅटरी भरत येते, बोजा कमी होतो, रबर गरम आणि कोरडं होतं, पकड बसते. गॅरेज दहा मिनिटांवर असेल तर तिथं पोचेपर्यंत सगळं शांत. मिस्त्रीला आवाज ऐकू आला नाही हे खरं आहे आणि तिला ऐकू आला हेही खरं आहे. त्यानं पुढचा प्रश्न विचारायला हवा होता: "कधी येतो?" तो प्रश्न न विचारणं, यात सगळा दोष आहे. दवाखान्यात हाच अनुभव आपल्याला येतो. डॉक्टरांसमोर बसलं की दुखायचं थांबतं आणि मग ते दुखणं मनाचं ठरतं.

तर आवाज हजर करायचा. इंजिन चालू ठेवून हेडलाइट, एसी, ब्लोअर सगळं लावायचं आणि स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायचं. एवढ्या बोजाखाली सैल पट्टा बहुधा ओरडतोच. एसीचं बटण दाबताक्षणी ओरडला तर बोजा कॉम्प्रेसरचा, स्टिअरिंग टोकाला नेल्यावर ओरडला तर त्याच्या पंपाचा. नाहीच ओरडला तर गाडी रात्रभर गॅरेजवर ठेवायची आणि सकाळी आपल्यासमोर सुरू करायला लावायची. आता तर प्रत्येकीच्या हातात फोन आहे. बॉनेट उघडण्याआधी रेकॉर्डिंग सुरू करावं, मग गाडी सुरू करावी. तारीख आणि वेळ त्यात आपोआप येते. घरगुती हिंसाचाराच्या केसमध्ये आपण बायकांना 'लिहून ठेव, तारीख टाक' म्हणून सांगतो, तीच सवय इथंही उपयोगी पडते.

एक खात्री मात्र आधी करून घ्यायला हवी, आवाज इंजिनाच्या बाजूचाच आहे ना? गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. ॲक्सिलरेटर हळूहळू दाबावा. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर आवाज चढला-उतरला तर तो पट्ट्याच्या बाजूचा असण्याची शक्यता मोठी. गाडी चालतानाच येत असेल आणि चाकांच्या वेगाबरोबर बदलत असेल तर तो ब्रेकचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा, हा लेख त्याच्यासाठी नाही.

आवाजाचं वर्णन करायला बायका लाजतात. 'घूं घूं येतंय' म्हटलं की गॅरेजमधली पोरं हसतात. हसू देत. आपली भाषा आवाजांच्या बाबतीत श्रीमंत आहे आणि इथं शब्दागणिक निदान बदलतं. लांबलचक किंचाळी म्हणजे घसरण. पट्टा सैल असेल, झिजून गुळगुळीत, चकचकीत झाला असेल, टेन्शनरची स्प्रिंग थकली असेल किंवा पट्ट्यावर तेल नाहीतर कूलंट सांडत असेल. चिमणीसारखी चिवचिव, एका लयीत, इंजिन संथ चालू असताना जास्त जाणवणारी, ही बहुधा पुल्या एका रेषेत नसल्याची खूण. पट्टा प्रत्येक फेरीत पुलीच्या खाचेत तिरका शिरतो आणि बाजूला घासतो. फेऱ्यांबरोबर चढत जाणारी गुणगुण किंवा घरघर हा बेअरिंगचा आवाज, मग ते टेन्शनरचं असो, आयडलरचं, अल्टरनेटरचं की वॉटर पंपचं. आणि स्टिअरिंग वळवताना कण्हल्यासारखा आवाज आला तर आधी त्या पंपाच्या डबीतलं तेल बघावं. पुष्कळदा तेच कमी झालेलं असतं.

किंचाळी की चिवचिव, हे कानाला कळेना तर पाण्याची परीक्षा आहे. इंजिन संथ चालू असताना लांबून, झाडांवर फवारतो तसलं पाणी पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर थोडंसं उडवायचं. आवाज वाढला तर पट्टा घसरतोय, म्हणजे ताणात खोट. क्षणभर थांबून पुन्हा आला तर पुल्यांची रेषा चुकलेली. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगकडे संशयाची सुई. परीक्षा फुकटची आहे आणि दोन मिनिटांची. गॅरेजमध्ये जाण्याआधी ती केलेली असली की बोलण्याचा सूरच बदलतो. 'आवाज येतो' याऐवजी 'पाणी मारल्यावर वाढतो' असं सांगता येतं.

इंजिन बंद करून नुसतं बघण्यातूनही खूप कळतं. काठ उसवलाय का, खाचेत तुकडा उडालाय का, तेलाचा ओलावा आहे का. जुन्या रबराला भेगा पडायच्या, म्हणून 'भेगा नाहीत, पट्टा चांगला आहे' असं अजूनही सांगितलं जातं. आताच्या पट्ट्यांचं रबर वेगळं आहे. त्याला भेगा सहसा पडत नाहीत, ते टायरसारखं झिजतं. खाचा रुंद होत जातात, पट्टा पुलीत खोल बसतो आणि वरून अगदी धडधाकट दिसतो. म्हणजे आपल्याला 'काही झालं नाही त्याला' म्हणणारा माणूस खोटं बोलत असेलच असं नाही. तो वीस वर्षांपूर्वी शिकला असेल.

पण सगळंच अज्ञान इतकं निष्पाप नसतं. आमच्या गटातली एक मैत्रीण शाळेची व्हॅन चालवते. नवरा नाही, दोन मुलं, व्हॅनचा हप्ता. तिच्या व्हॅनचा पट्टा ओरडायला लागला. गॅरेजवाल्यानं पट्टा बदलला. तीन आठवड्यांत पुन्हा आवाज. तेव्हा त्यानं तो करकचून ताणला. आवाज बंद झाला, आणि महिना-दीड महिन्यात घरघर सुरू झाली. मग अल्टरनेटर बदलायला सांगितलं. त्या खर्चात तिचा एक अख्खा महिना गेला. दरवेळी वर ऐकून घ्यावं लागलं, 'तुम्ही गाडी फार रेटता', 'लेडीजच्या हातात गाडी गेली की असंच होतं'. शेवटी दुसऱ्या गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं टॉर्च मारून दाखवलं. वॉटर पंपाच्या सीलमधून कूलंटचा थेंब थेंब पट्ट्यावर पडत होता. पहिल्या दिवसापासून दोष तोच होता. ओला पट्टा घसरत होता, नवाही घसरला. अति ताणल्यामुळं अल्टरनेटरच्या बेअरिंगवर भार आला आणि ते गेलं. तीनदा पैसे गेले ते परिणामांवर, कारणाकडं कुणी बघितलंच नाही.

यातून घेण्यासारखं पुष्कळ आहे. आवाज बंद होणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. कुणी पट्ट्यावर साबण घासतं, कुणी स्प्रे मारतं. तासाभराची शांतता मिळते आणि धूळ चिकटून पट्टा आणखी बिघडतो. जुन्या पद्धतीच्या पट्ट्याच्या सर्वांत लांब भागावर मधोमध अंगठ्यानं दाबलं तर तो साधारण सेंटिमीटरभर दबावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. तारेसारखा ताठ लागला तर बेअरिंगचं आयुष्य कमी होतंय असं समजावं. नवा पट्टा घालण्याआधी जुना का खराब झाला हे विचारावं, पुल्या हातानं फिरवून दाखवायला सांगावं. पट्टा काढल्यावर प्रत्येक पुली हातानं फिरते. चांगली असेल ती गुळगुळीत, आवाज न करता फिरते, खराब असेल ती खरखरते किंवा डुगडुगते. हे बघायला इंजिनीअर असावं लागत नाही. बदललेला प्रत्येक भाग परत मागावा आणि बिल लेखी घ्यावं. १९८६ च्या ग्राहक कायद्यानं सेवेतल्या त्रुटीबद्दल दाद मागण्याचा हक्क दिला, २०१९ च्या कायद्यात तो कायम आहे. पण जुना पट्टा आणि बिल हातात नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगापुढं दाखवणार काय?

आता पदराबद्दल. चालू इंजिनावर वाकताना पदर, ओढणी, वेणी, मंगळसूत्र, सैल बाही यांतलं काहीही पट्ट्याच्या आसपास जाता कामा नये. पदर खोचायचा, ओढणी काढून ठेवायची, केस बांधायचे. पट्ट्याला हात लावायचा तो इंजिन बंद करून, किल्ली स्वतःच्या हातात घेऊन. रेडिएटरचा विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, तेही ध्यानात ठेवावं. गिरणीच्या नाहीतर मळणीयंत्राच्या पट्ट्यात पदर अडकून बाई गेल्याची बातमी आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेली आहे. बातमीत पदर असतोच. पट्ट्याला जाळी बसवलेली होती का, हे मात्र क्वचितच असतं.

आपल्या कायद्यानं या धोक्याचं काय केलं ते बघण्यासारखं आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याचं बाविसावं कलम चालू यंत्राजवळच्या कामाबद्दल होतं. यंत्र चालू असताना पट्टा चढवणं, वंगण घालणं, जुळवणी करणं ही कामं खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुष कामगारानंच करायची, त्यानं अंगाबरोबरचे कपडे घालायचे आणि ते कपडे मालकानं पुरवायचे, असं त्यात लिहिलेलं होतं. पुढच्याच पोटकलमात स्त्रियांना आणि अल्पवयीन मुलांना, इजा होण्याचा संभव असेल तिथं चालत्या यंत्राची सफाई, वंगण आणि जुळवणी करायला बंदी. म्हणजे एकाच धोक्यापासून पुरुषाला वाचवायला प्रशिक्षण आणि कपडे, बाईला वाचवायला मनाई. पुरुष कामगारालाही उपजत काही येत नव्हतं, हे कायद्यानंच मान्य केलं होतं, नाहीतर 'खास प्रशिक्षण घेतलेला' हे शब्द कशाला लागले असते? जे प्रशिक्षण आणि जे कपडे त्याला दिले, तेच तिला दिले असते तर बंदीचं कारणच उरलं नसतं. रात्रपाळीच्या बंदीवरून आपल्या संघटनांत जो वाद झाला, तोच हा वाद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुना कारखाना कायदा गेला. पण पट्टा हे पुरुषाचं काम, ही समजूत पाऊणशे वर्षं कायद्याच्या पुस्तकात होती आणि त्याच्या कितीतरी आधीपासून डोक्यात होती. ती अधिसूचनेनं जात नाही.

या समजुतीची किंमत रुपयांतही मोजता येते. अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बायका आणि पुरुष यांना गॅरेजांना फोन करायला लावून एकाच गाडीच्या रेडिएटर बदलण्याचा भाव विचारायला सांगितलं. 'साधारण किती खर्च येतो, मला कल्पना नाही' म्हणणाऱ्या बाईला पुरुषापेक्षा जास्त भाव सांगितला गेला. पण 'इतके पैसे लागतात असं ऐकलंय' म्हणून बाजारातला चालू आकडा तिनं आधी सांगितला, तेव्हा फरक नाहीसा झाला. मला यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. भाव कमी करा असं मागितल्यावर बायकांना सवलत मिळण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त निघालं. म्हणजे समोरचा माणूस बाईला मुद्दाम छळायला बसलेला असतोच असं नाही, त्यानं गृहीत धरलेलं असतं की हिला माहीत नाही. ते गृहीत मोडलं की भाव मोडतो. आपल्याकडे असा अभ्यास व्हायला हवा. आपल्या गटांनी एखाद्या शहरात पंधरा-वीस गॅरेजांना फोन करून तो करायला काय हरकत आहे? फोनचाच तर खर्च.

काही मैत्रिणी म्हणतील की गाडी ही मध्यमवर्गीय बाईची चैन, पाणी, रेशन, मारहाण हे प्रश्न सोडून पुल्या कुठं मोजत बसायच्या? मला हा आक्षेप जुना वाटतो. आज व्हॅन, टेम्पो, टॅक्सी चालवून घर चालवणाऱ्या बायका प्रत्येक जिल्ह्यात आहेत. २०२३ मध्ये तर एसटीच्या स्टिअरिंगवरही बायका बसल्या. त्यांच्यासाठी पट्टा हा रोजगाराचा प्रश्न आहे. आणि ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांच्याकडे पट्टा नाही असं थोडंच आहे? जिल्हा परिषदेचं महिला व बालकल्याण खातं वर्षानुवर्षं बायकांना शिलाई मशिनं आणि पिठाच्या गिरण्या वाटतंय. यंत्र देतात, फोटो काढतात. ते बिघडलं की दुरुस्तीला पुन्हा शेजारच्या दादाकडं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बायकांसाठी पिंक ई-रिक्षा आणली. विजेवरच्या रिक्षाला इंजिन नाही आणि इंजिनाचा हा पट्टाही नाही, पण बेअरिंग आहे, ब्रेक आहे, तारा आहेत. कर्ज काढून घेतलेली ती रिक्षा बंद पडली तर उघडणार कोण, याचं उत्तर रंगात सापडत नाही. (गुलाबी रंग कुणाला विचारून ठरवला, हा प्रश्न मी दुसऱ्या लेखासाठी राखून ठेवते.)

यंत्राशी बायकांचं नातं नवं आहे, असं कुणी म्हटलं तर बेर्टा बेन्झची आठवण द्यावी. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ती नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्यानं बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेली. शंभर किलोमीटरहून जास्त. मोटारीतून केलेला पहिला लांबचा प्रवास तोच. वाटेत इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिनं टोपीच्या पिनेनं ती मोकळी केली, उघड्या पडलेल्या तारेला मोज्याच्या पट्टीनं आवरण केलं, झिजलेल्या ब्रेकला चांभाराकडून चामडं लावून घेतलं. त्या मोटारीच्या व्यवसायात तिच्या हुंड्याचे पैसे होते. हा प्रसंग आज सांगतात तो पिनेची गंमत म्हणून. नळी कुठं तुंबलीय हे तिला कसं कळलं, हे कुणी विचारत नाही. ते कळल्याशिवाय पिन काय कामाची?

तेव्हा सूचना अशी. आपल्या शिबिरांत कायदा आणि आरोग्य असतं तसा एक दिवस यंत्राचा ठेवावा. आमच्या गटात आम्ही त्याची सुरुवात केली आहे. शिलाई मशीन, मिक्सर आणि एक चालती गाडी, एवढं पुरतं. ज्या बाईला मशीनचा पट्टा कापून जोडता येतो तिला पहिल्या तासाची शिक्षिका करायचं. गाडीच्या बॉनेटखाली पुल्या मोजायच्या, कुठली कशाची ते ओळखायचं, पाण्याची परीक्षा प्रत्येकीनं स्वतः करायची. आमच्याकडे एक जुना झिजलेला पट्टा आणि एक नवा पट्टा शेजारी शेजारी ठेवतो आणि डोळे मिटून बोटांनी फरक सांगायला लावतो. भाकरी थापणाऱ्या हातांना तो पटकन कळतो. मिस्त्री बोलवायचा असेल तर जो 'का' सांगतो तो बोलवावा, 'तुम्हाला नाही कळणार' म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा. जवळच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या वर्गात किती मुली आहेत तेही जाऊन बघावं. नसतील तर का नाहीत, हे प्राचार्यांना विचारावं आणि त्यांचं उत्तर या अंकाकडे पाठवावं. वसतिगृह नाही, संडास नाही, की 'मुलींना आवड नाही' हे नेहमीचं, ते एकदा छापून येऊ दे.

शेवटी दोन गोष्टी, ज्यांत आवाजाचा अभ्यास करत बसायचं नाही. पट्टा चालत्या गाडीत तुटला तर एखादा फटका ऐकू येतो किंवा येतही नाही, पण बॅटरीचा लाल दिवा लागतो, तेलावर चालणारं स्टिअरिंग एकदम जड होतं, आणि वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असेल तर तापमानाचा काटा वर चढायला लागतो. तसं झालं की गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं. 'घरापर्यंत जाईल' असं कुणीही सांगितलं तरी जायचं नाही. त्या चार किलोमीटरांत इंजिनाचं हेड वाकू शकतं आणि मग खर्च पट्ट्याच्या कित्येक पटींनी जातो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. दुसरी गोष्ट टायमिंग बेल्टची. तो झाकणाच्या आत असतो, बाहेरून दिसत नाही, बऱ्याचदा कसलाच आवाज न करता तुटतो आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह वाकवून जातो. काही गाड्यांत त्याच्या जागी साखळी असते. आपल्या गाडीत काय आहे आणि पट्टा असेल तर किती किलोमीटरला बदलायचा, हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं. सेकंडहँड गाडी घेताना तो आधी कधी बदलला ते बिलासकट विचारावं. बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरावं.